किल्ली दारालाच होती

तलमडुगूला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. प्रिंटर अडला की आदिलाबादहून मेकॅनिक येईपर्यंत दिवस मोडायचा. म्हणून दुरून संगणक चालवायचं सॉफ्टवेअर टाकलं आणि मेकॅनिकला कायमचा पासवर्ड देऊन मोकळा झालो. माझ्या ईमेलचा पासवर्डही तोच.

एका दुपारी कापसाचे पैसे जमा झाले का, हे बघायला एक काका आले. त्यांचं पासबुक माझ्या हातात, माउसला कुणाचा हात नाही, तरी पडद्यावरचा बाण सरकला. ब्राउझर उघडून थेट जतन केलेल्या पासवर्डांच्या यादीवर गेला.

"हे आपोआपच चालते का, बापू?" काकांनी विचारलं.

मी घाबरून त्याच संगणकावर पासवर्ड बदलायला बसलो. समोरचा तेही बघत असेल, हे सुचलं नाही. सुचलं तेव्हा राउटरची वायर उपसली. पैसे वाचले, पण दोन दिवस शटर खाली राहिलं.

मोठ्यांच्या घरीही हे घडतं. २ फेब्रुवारी २०२४ रोजी असंच सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जर्मनीच्या एनीडेस्क कंपनीने आपल्या सर्व्हरांत घुसखोरी झाल्याचं जाहीर केलं. वेब-पोर्टलचे सगळे पासवर्ड रद्द केले आणि तोच पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल तर तिथेही बदला, असं ग्राहकांना सांगितलं. माझंही दुखणं तेच होतं: एकाच किल्लीची अनेक कुलपं.

शंका आली तर आधी इंटरनेट तोडा. मग दुसऱ्या, खात्रीच्या फोनवरून पहिल्यांदा ईमेलचा आणि नंतर बँकेचा पासवर्ड बदला. सगळीकडून लॉगआउट करा. कोण कधी जोडलं गेलं, ती नोंद सॉफ्टवेअरमध्ये सापडते. तिचा फोटो काढून ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. नुसतं सॉफ्टवेअर काढून भागत नाही, कारण घुसणारा मागे दुसरं काही सोडून गेलेला असू शकतो. मी डेटा काढून घेऊन विंडोज नव्याने टाकली.

ते सॉफ्टवेअर पुन्हा बसवायचं तर कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या, लिंकवरून नाही. कायमचा पासवर्ड बंद ठेवा, ओळखीच्या आयडीलाच परवानगी द्या, ओटीपीची दुसरी कडी लावा.

आता मेकॅनिकचा फोन आल्यावरच मी ते सुरू करतो आणि काम संपेपर्यंत पडद्यासमोरून उठत नाही. तुमच्या दुकानातलं आत्ता सुरू आहे का, एकदा बघून घ्या.