जेवताना कानी पडणारा स्वर

भोजनाचा संबंध आपण जिभेशी आणि पोटाशी जोडतो. कानाशी सहसा जोडत नाही. परंतु जात्यावर दळताना ओवीच्या लयीला हात जुळत असे, आणि आंधळगावातील कोसा विणणाऱ्या घरांतील मुलांना मागाचा ठेका अंगात कसा भिनतो हे सांगावयास नको. जेवणाऱ्या हातालाही लय अशीच वळण लावते.

१९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत विद्यापीठाच्या उपाहारगृहात जेवणाऱ्यांचे घास मोजण्यात आले. संगीत नसताना मिनिटाला सरासरी ३.२३, संथ संगीतात ३.८३ आणि द्रुत संगीतात ४.४० घास घेतले गेले. पाहणी लहान होती. तरी तिचा रोख स्पष्ट आहे. पुढील वर्षी रोनाल्ड मिलिमन यांनी एका भोजनालयाचा अभ्यास मांडला. द्रुत संगीतात ग्राहक सरासरी ४५ मिनिटांत उठत, संथ संगीतात ५६ मिनिटे बसत. अन्नावरील खर्च जवळपास सारखाच राहिला; मद्यावरील खर्च मात्र संथ संगीतात वाढला. म्हणजे संथ संगीतही नेहमी जेवणाऱ्याच्याच हिताचे असते, असे नाही.

इतिहासाच्या अभ्यासकास येथे संयुत्त निकायातील दोणपाक सुत्त आठवते. कोसलनरेश पसेनदी द्रोणभर भात खात असे. एकदा तो भोजनानंतर धापा टाकीत तथागतांकडे आला. तथागतांनी मिताहाराविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणास ती पाठ करावयास लावली आणि आपल्या जेवणाच्या वेळी रोज म्हणावयास सांगितली. त्यासाठी त्यास रोज शंभर कार्षापण देण्याचे ठरविले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला.

दोन्ही उदाहरणांत जेवणाऱ्याच्या कानावर स्वर पडतो. भेद इतकाच की, भोजनालयात तो मालकाने आपल्या लाभासाठी निवडलेला असतो; पसेनदीने तो स्वतःच्या हितासाठी, जाणून मागितला होता. लग्नाच्या पंगतीतील डीजे असो वा ताटाशेजारचा मोबाइल असो, हा आवाज कोणी निवडला आणि कोणासाठी, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला पाहिजे. पोट भरल्याची जाणीव होण्यास सुमारे वीस मिनिटे लागतात. घाईने जेवणारा त्याआधीच जास्तीचा भात वाढून घेतो, आणि तो पुष्कळदा ताटातच राहतो. भंडारा जिल्ह्यातील मुलांना त्या भातामागे चिखलणीचे आणि रोवणीचे किती कष्ट असतात, हे ठाऊक आहे.

म्हणून विद्यार्थ्यांनी आपल्या भोजनगृहात एक प्रयोग करावा. दोन दिवस शांतता, दोन दिवस संथ बासरी, दोन दिवस द्रुत गाणी ठेवावीत. एकाने जेवावे, दुसऱ्याने मिनिटाचे घास मोजावेत. ताटांत उरलेले अन्न रोज वजन करून फळ्यावर लिहावे. सहा दिवसांनंतर विद्यार्थ्यांनीच सभेत आकडे मांडून नियम ठरवावा. शिक्षकाच्या आज्ञेने पाळलेली शांतता सुट्टीत घरी टिकत नाही. स्वतः मोजून, पटवून घेतलेला नियम मात्र घरच्या ताटापर्यंत सोबत जातो.