उतार बंदराकडेच जातो

माझे आजोबा मुंबईच्या गोदीत हमाल होते. त्यामुळे बंदराच्या गावी गेले की माझे पाय आधी धक्क्याकडे वळतात. मुलगी मिलानला शिकते. तिच्याकडे गेले असताना ऑक्टोबरातला एक दिवस काढून आगगाडीने जेनोवा गाठलं आणि जुन्या शहरातून तीन तास पायी हिंडवणाऱ्या एका फेरीत नाव नोंदवलं. आम्ही अकरा जण होतो. वाट दाखवायला साठी उलटलेली, त्याच गल्ल्यांत वाढलेली एक बाई होती. पुढे कुणी जाणार असेल तर उपयोगी पडावं म्हणून त्या दिवसाने शिकवलेलं लिहून ठेवते आहे.

१. पत्त्यातला लाल आकडा बघा

जेनोवात एकाच रस्त्यावर दोन प्रकारचे क्रमांक चालतात. घरांना काळे, दुकानांना लाल. पत्त्यात आकड्यापुढे ‘आर’ अक्षर असलं तर तो लाल क्रमांक समजायचा. मला हे ठाऊक नव्हतं. फेरी जिथून निघायची त्या दुकानाऐवजी मी काळ्या १४ क्रमांकाच्या बंद दारासमोर दहा मिनिटं उभी होते. शेवटी भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या एका आजींनी मनगट धरून मला लाल १४ पर्यंत नेलं.

२. मान वर करून चाला

जुन्या शहरातल्या गल्ल्यांना तिथे ‘कारुज्जी’ म्हणतात. काही इतक्या अरुंद आहेत की हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं टेकतात. घरं मात्र सहा-सहा मजल्यांची, त्यामुळे भर दुपारी खाली सावली असते आणि वर आकाशाची एक पट्टी दिसते. नजर जमिनीवर ठेवली तर ओल, कचरा आणि ओढलेली शटरं एवढंच हाती लागतं. खरा खजिना डोक्याच्या वर आहे. कोपऱ्याकोपऱ्यावर मेरीमातेचे कोनाडे आहेत आणि दारांच्या चौकटींवर काळ्या दगडात कोरलेले पट्ट आहेत.

त्यातल्या एका पट्टासमोर बाईंनी आम्हाला बराच वेळ थांबवलं. संत जॉर्ज घोड्यावरून भाला रोखतो आहे, खाली ड्रॅगन वेटोळं घालून पडला आहे. घोड्याचे पुढचे पाय झिजून गुळगुळीत झाले आहेत, पण ड्रॅगनच्या शेपटीवरचा खवला न् खवला अजून मोजता येतो. दगड ओळखीचा वाटला, कारण तो आपल्या लहानपणच्या पाटीचा दगड. जेनोवाच्या पूर्वेला किनाऱ्यावर लावान्या नावाचं गाव आहे, तिथल्या परिसरातून तो येतो. शाळेतल्या फळ्याला इटालियनमध्ये ‘लावान्या’च म्हणतात. ज्या दगडावर मी मुळाक्षरं गिरवली तोच दगड इथे देवाधर्माला लागलेला पाहून मला फार बरं वाटलं.

गल्ल्यांची नावंही वाचत चला. सोनारांची, मुलामा देणाऱ्यांची, खाटकांची. पुण्यात तांबट आळी, बुरूड आळी ऐकत वाढलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाहीत.

३. हरवलात तर उतार धरा

मी त्या पट्टाचा फोटो काढत राहिले आणि घोळका पुढे निघून गेला. दोन वळणं घेतली तर कुणीच नाही. उंच भिंतींमध्ये मोबाइलवरचा निळा ठिपका कधी या गल्लीत तर कधी त्या गल्लीत उड्या मारत होता. पोटात गोळा आला. तेवढ्यात बाईंनी सुरुवातीलाच सांगितलेलं आठवलं: ‘आमचं शहर डोंगरावरून समुद्रात उतरतं. चुकलात तर खाली चालत सुटा.’ मी उतार धरला. पाच-सहा मिनिटांत वाऱ्याला मिठाचा वास यायला लागला आणि गल्ली थेट सोत्तोरिपाच्या कमानींखाली उघडली. बंदराला लागून असलेली ही मध्ययुगीन कमानींची ओळ आहे. तिथे तळलेल्या माशांच्या दुकानांपाशी आमची मंडळी माझी वाट बघत उभी होती.

४. महाल बघा, पण तिथेच दिवस घालवू नका

गारीबाल्दी रस्त्यावरचे महाल देखणे आहेत. जेनोवाच्या प्रजासत्ताकाकडे राजवाडा नव्हता, म्हणून १५७६ पासून सरकारी पाहुण्यांना उतरवायच्या श्रीमंत घरांच्या याद्या केल्या गेल्या. त्या याद्यांतले ४२ महाल २००६ पासून जागतिक वारशात आहेत. हा पैसा जहाजांतून आला आणि स्पेनच्या राजाला दिलेल्या कर्जांवरच्या व्याजातून आला. जहाजं भरणारे-रिकामी करणारे हात मात्र खालच्या गल्ल्यांत राहत होते. माझं मन तिकडे ओढत होतं.

५. आपल्या गावाचा धागा शोधा

धक्क्यासमोर सान जॉर्जो महाल आहे. १२६० साली बांधलेला. आज तिथे बंदर प्राधिकरणाची कचेरी आहे. व्हेनिसशी झालेल्या लढाईत पकडलेला मार्को पोलो इथेच कैदेत होता, अशी परंपरा आहे. जेनोवाच्या त्या तुरुंगात १२९८ च्या सुमारास त्याने पिसाच्या रुस्तिकेल्लोला आपला प्रवास सांगितला आणि ते पुस्तक झालं.

मी ठाण्याला राहते. त्या पुस्तकात ठाण्यावर एक छोटं प्रकरण आहे. इथून चामडं आणि सुती कापड जातं असं तो सांगतो. समुद्रात चाचे आहेत, आणि लुटीत सापडलेले सगळे घोडे राजाला द्यायचे असा त्यांचा राजाशी करार आहे, हेही सांगतो. मी बाईंना म्हटलं, मी त्याच ठाण्याची. त्यांनी सगळ्यांना थांबवून मला पुढे बोलावलं आणि खाडीकाठच्या गावाबद्दल बोलायला लावलं. घोडबंदर आजही आमच्या गावाच्या नकाशावर आहे, एवढं मी सांगितलं. अनोळखी लोकांसमोर आपल्या गावाविषयी इतक्या अभिमानाने मी कधी बोलले नव्हते.

६. देवळातला तोफगोळा चुकवू नका

सान लोरेन्झो हे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं मुख्य चर्च. ९ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश युद्धनौकांनी शहरावर मारा केला तेव्हा एक ३८१ मिलिमीटरचा गोळा आत पडला आणि फुटलाच नाही. उजव्या बाजूला तो उभा करून ठेवला आहे.

मला तिथे मुंबईची गोदी आठवली. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं. पोटात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी होत्या. आजोबांची त्या दिवशी रात्रपाळी होती म्हणून ते वाचले, त्यांच्या टोळीतले तिघे गेले. आजोबा त्यावर कधी बोलले नाहीत. आजी सांगायची. त्या न फुटलेल्या लोखंडाला मी हात जोडले.

७. शब्द कानावर पडू द्या

फेरी संपताना कमानींखाली आम्ही फारिनाता खाल्ली. चण्याचं पीठ, पाणी, तेल आणि मीठ, भट्टीत भाजलेलं. कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ. खाता खाता बाई जीन्सविषयी सांगत होत्या. हे नाव जेनोवाच्या फ्रेंच नावावरून आलं, खलाशांच्या जाड कापडावरून. मी सांगितलं, आमच्या मुंबईत डोंगरी आहे, इंग्रजीतली डंगरी तिच्या कापडावरून आली. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी वहीत लिहून घेतलं.

मग म्हणाल्या, ‘माझे वडील बंदरात कामाल्लो होते.’

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा विचारलं. कामाल्लो म्हणजे ओझी वाहणारा. शब्द अरबांकडून आला, हम्माल. आपला हमाल तोच. तो इकडेही पोचला आणि तिकडेही. त्या हमालांची संघटना जेनोवात १३४० साली होती, हे त्यांनी सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला.

मी म्हटलं, माझे आजोबाही.

त्यांनी खांद्यावरची पिशवी उघडली आणि फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली. वडिलांचा हूक. आडवी लाकडी मूठ, तिच्या मधोमध निघालेला लोखंडी आकडा, गोणीत रुतवायला टोकदार. मूठ घामाने काळी पडून चकाकत होती. आमच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत असाच एक आहे. त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी मूठ वळली, आकडा दोन बोटांच्या मधून बाहेर आला, आणि बाईंनी आपला हात माझ्या मुठीवर ठेवला.