घटक ६ : कला शाखेचे पदवीधर आणि आरोग्यसेवा

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• वैद्यकीय समाजसेवकाच्या कामाचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• भाषेच्या अभ्यासाचा रुग्णसेवेत होणारा उपयोग उदाहरणांसह सांगता येईल.
• स्वतःच्या पुढील शिक्षणाचा आराखडा तयार करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रांनो, पहाटे दादर स्थानकावर बाहेरगावच्या गाड्यांतून उतरणारी, हाती तपासण्यांची फाइल घेतलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. त्यांतील अनेकांना परळला जायचे असते. तेथे १९२६ मध्ये सुरू झालेले के. ई. एम. रुग्णालय आहे, वाडिया रुग्णालये आहेत आणि १९४१ पासून कर्करोगावर उपचार करणारे टाटा स्मारक रुग्णालयही आहे. उपचार महिनोन्महिने चालतात. या काळात निवारा नसलेल्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी आश्रय मिळतो.

या माणसांना डॉक्टर हवा असतोच. पण राहायचे कोठे, खर्च कसा भागवायचा, डॉक्टरांनी सांगितले त्याचा अर्थ काय, हे प्रश्नही तितकेच निकडीचे असतात. त्यांची उत्तरे शोधणे हे आरोग्यसेवेतील एक स्वतंत्र व्यावसायिक काम असून ते कला शाखेच्या पदवीधरास खुले आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ व्यवसायाचा उगम

मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था स्थापन झाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था होय. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. सेवाभावाने होणाऱ्या मदतीला अशा रीतीने प्रशिक्षणाचा आधार लाभला. शासकीय रुग्णालयांत या पदाला ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ असे म्हणतात.

६.२.२ कामाचे स्वरूप

समाजसेवक रुग्णाची कौटुंबिक व आर्थिक परिस्थिती समजून घेतो, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा धर्मादाय संस्था यांच्याशी त्याची गाठ घालून देतो, उपचार अर्धवट सोडू पाहणाऱ्यास धीर देतो. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. ही तरतूद रुग्णाला ठाऊकच नसेल, तर ती त्याच्या दृष्टीने नसल्यासारखीच ठरते.

६.२.३ भाषेचे स्थान

‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे’ हे वाक्य ऐकून नातेवाइकाला आनंद होऊ शकतो. कारण व्यवहारात ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगले. येथे शब्द कळला, पण अर्थ उलटा पोहोचला. संमतिपत्रावर अंगठा उठवणाऱ्या वृद्धेला त्यातील मजकूर तिच्या बोलीत सांगणे, ‘गाठ’ आणि ‘कर्करोग’ या शब्दांमधील भीतीचे अंतर ओळखणे, गप्प बसलेल्या माणसाचे न बोललेले ऐकणे, या साऱ्यांसाठी बोली, अर्थच्छटा व संवाद यांची जाण लागते. मराठीच्या अभ्यासक्रमात तुम्ही हेच शिकत आहात. मात्र भाषेची जाण ही पूर्वतयारी आहे. ती प्रशिक्षणाची जागा घेऊ शकत नाही.

६.२.४ पुढील शिक्षण

समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी (एम.एस.डब्ल्यू.) दोन वर्षांची असते व कोणत्याही शाखेच्या पदवीधरास तिच्यासाठी अर्ज करता येतो. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय येथे हे शिक्षण मिळते. सार्वजनिक आरोग्य व रुग्णालय व्यवस्थापन हेही पर्याय आहेत. बी.एस्सी. नर्सिंगसाठी मात्र बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय आवश्यक असतात.

दूरस्थ विद्यार्थ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायविषयक राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ पद्धतीने चालवू नयेत, असा निर्णय विद्यापीठ अनुदान आयोगाने घेतला आहे. मानसशास्त्राचाही त्यात समावेश आहे. त्यामुळे शुल्क भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाची मान्यता तपासावी. नोकरी व संसार सांभाळून शिकणाऱ्यास प्रत्यक्ष हजेरीची दोन वर्षे काढणे सोपे नाही. म्हणून वेळेचा व पैशाचा हिशेब आजच मांडावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१. देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक कोठे व केव्हा झाली?
२. ‘पॉझिटिव्ह’ या शब्दामुळे होणारा गैरसमज तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

६.३ सारांश

रुग्णसेवा केवळ औषधांनी पूर्ण होत नाही. उपचार आणि रुग्ण यांच्यामधील अंतर माहितीने, आधाराने व समजेल अशा भाषेने भरून काढावे लागते. कला शाखेचा पदवीधर योग्य प्रशिक्षण घेऊन हे काम करू शकतो.

६.४ उपक्रम

तुमच्या जवळच्या सार्वजनिक रुग्णालयातील एखादा सूचनाफलक वाचा. त्यातील कोणते शब्द सामान्य रुग्णास कळणार नाहीत, याची नोंद करा व तोच मजकूर सोप्या मराठीत पुन्हा लिहा. रुग्णांची नावे किंवा छायाचित्रे घेऊ नका. हे काम करताना मन रमले की कंटाळले, हेही प्रामाणिकपणे लिहून ठेवा. पुढील निर्णयासाठी ती नोंद उपयोगी पडेल.