चिठ्ठीवरचे औषध आणि ते देणारा हात



विनयपिटकाच्या महावग्गात आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. पहिला, त्याला औषध तयार करता आले पाहिजे. दुसरा, पथ्य कोणते व अपथ्य कोणते हे त्याला कळले पाहिजे. निर्लोभ प्रेमाने सेवा करणे, मलमूत्राची किळस न बाळगणे आणि धम्मकथेने धीर देणे हे त्यानंतर येतात. सेवेची यादी ज्ञानापासून सुरू होते, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

आपले बरेचसे सभासद परळ-लालबागचे, पण मूळ गाव कोकणात. उपचार के.ई.एम. किंवा टाटा रुग्णालयात होतात आणि औषधे संपतात गावी गेल्यावर. आमच्या परिचयातील एका मावशींचे असेच झाले. त्या मधुमेहासाठी २० युनिट इन्सुलिन घेत. सिरिंज संपल्या म्हणून तालुक्याच्या गावातील दुकानातून नव्या आणल्या. भिंतीवर फार्मासिस्टचे प्रमाणपत्र होते, फार्मासिस्ट मात्र नव्हता. काउंटरवरच्या मुलाने हाताला लागल्या त्या सिरिंज दिल्या. पुढे साखर वाढतच गेली आणि मावशींना परत मुंबईला आणावे लागले.

चूक काय झाली, ते विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावे. मावशींच्या कुपीत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट इन्सुलिन होते. तिला लाल टोपीची, ४० च्या खुणांची सिरिंज लागते. त्यांना मिळाली नारिंगी टोपीची, १०० च्या खुणांची. या सिरिंजवर २० ची खूण म्हणजे ०.२ मिलिलिटर. त्यात ४० च्या कुपीतले इन्सुलिन भरले केवळ ८ युनिट. उलट चूक तर प्राणघातक ठरू शकते. १०० युनिटच्या कुपीतले इन्सुलिन ४० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत घेतले, तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट शरीरात जाते. कुपी आणि सिरिंज जुळते की नाही हे पाहायला शिकलेला मनुष्य अर्धे मिनिट घेतो. तोच तेथे नव्हता.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमानुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावयाचे असते. स्वतःच्या रुग्णाला औषध देणाऱ्या डॉक्टरपुरता अपवाद आहे. १९४५ च्या औषध नियमांप्रमाणेही चिठ्ठीवरील औषध त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले गेले पाहिजे. तरीही काही ठिकाणी पदविकाधारक आपले प्रमाणपत्र दुकानदाराला भाड्याने देतो आणि स्वतः दुसरीकडे नोकरी करतो. लहान गावातील दुकानाला पूर्ण पगार परवडत नाही आणि शिकलेला मुलगा शहर सोडायला तयार नसतो. कारण समजण्यासारखे असले, तरी त्याची किंमत रुग्ण मोजतो.

म्हणून सभासदांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१) दुकानात परवाना लावलेला असतो, तो पाहावा. "फार्मासिस्ट कोण आहेत?" असे नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. २०१५ च्या नियमावलीनुसार त्याच्या पांढऱ्या कोटावर नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला असावयास हवा.

२) तो हजर नसेल, तर केव्हा येईल ते विचारून त्या वेळी जावे. निकड असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे. तेथे औषधनिर्माण अधिकाऱ्याचे पद असते.

३) औषध किती, केव्हा, किती दिवस घ्यायचे, हे त्याच्याकडून समजून घ्यावे. पूर्वीचे वेष्टन किंवा सिरिंज सोबत न्यावी.

४) पावती घ्यावी. तक्रार असल्यास ती जिल्ह्यातील अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाकडे करता येते.

परंतु नुसत्या तक्रारींनी फार्मासिस्ट निर्माण होत नाहीत. बारावी विज्ञान उत्तीर्ण विद्यार्थ्याला दोन वर्षांची डी. फार्म. पदविका करता येते. त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते. पदवी चार वर्षांची आहे. नोंदणी मुलुंड येथील महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे होते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. डॉक्टर-इंजिनिअर होता आले नाही म्हणून खचून बसलेल्या आपल्या मुलामुलींनी या वाटेचा विचार जरूर करावा. आमची त्यांना एकच विनंती आहे : पदविका मिळाल्यावर ती भिंतीवर टांगून भाडे खाऊ नका. सम्यक आजीविका म्हणजे काय, याचा पाठ येथेच आहे.

तक्षशिलेत शिकणाऱ्या जीवकाला गुरूंनी औषधी नसलेली वनस्पती शोधून आणावयास सांगितले. योजनभर फिरून तो रिकाम्या हाताने परतला आणि उत्तीर्ण झाला. औषध सर्वत्र आहे. ते ओळखून योग्य मापाने देणारा माणूस मात्र घडवावा लागतो. आपल्या संस्थेतून असा एक जरी फार्मासिस्ट कोकणातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी जाऊन काउंटरमागे स्वतः उभा राहिला, तरी आमच्या या लिहिण्याचे सार्थक होईल.

नमो बुद्धाय! जय भीम!