उष्ण हवेच्या बागेतील फुलझुडपे

नवी दिल्लीत कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग पूर्वी कर्झन रोड या नावाने ओळखला जात असे. त्याच्या दुतर्फा प्रशस्त आवारांचे बंगले होते. त्यांतील पुष्कळांच्या जागी आता उंच इमारती उभ्या आहेत. २०१३ साली उघडलेले नवे महाराष्ट्र सदनही याच मार्गावर आहे. अशा वस्तीत बागेसाठी बहुधा कुंपणालगतची चिंचोळी पट्टीच उरते. तेथे मोठा वृक्ष मावत नाही आणि हंगामी फुले फार दिवस टिकत नाहीत. म्हणून झुडूप हेच तेथील बागेचे खरे भांडवल होय. परंतु महाराष्ट्रातून दिल्लीस येऊन राहिलेला मनुष्य गावाकडच्या सवयीने झुडपे लावू लागला, की त्याच्या पदरी अनेकदा निराशा येते. रोप तेच असते. ऋतू आणि माती मात्र निराळी असते.

दिल्लीत मे महिन्यात दुपारचे तापमान सरासरीने ४० अंश सेल्सियसच्या आसपास जाते, आणि जानेवारीत पहाटे ते ७-८ अंशांपर्यंत उतरते. काही रात्री त्याहूनही खाली जाते. वर्षाचा पाऊस सुमारे ७५० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या जेमतेम एक-तृतीयांश. तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबर या काळातच पडतो. मृगाच्या सरींवर रोप लावण्याची आपल्याकडील रीत येथे अंगलट येते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दिल्लीत पाऊस नसतो, तर 'लू' नावाचा कोरडा, होरपळविणारा वारा वाहत असतो. म्हणून लावणी जुलै-ऑगस्टमध्ये, किंवा थंडी ओसरल्यावर फेब्रुवारीत करावी.

छाटणीचेही तसेच आहे. जास्वंदीला नव्या फुटीवर फुले येतात, म्हणून ती छाटावी लागते. पण नोव्हेंबरात छाटली, तर फुटलेले कोवळे शेंडे पुढल्या थंडीने करपतात. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापर्यंत धीर धरणे बरे.

मातीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कोकणातील जांभ्याची माती आम्लधर्मी असल्याने तेथे अनंत आणि एक्झोरा सहज फोफावतात. दिल्लीची यमुनेच्या गाळाची माती बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी आहे. अशा मातीत लोह असूनही ते मुळांना शोषता येण्याजोग्या रूपात राहत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही खूण ओळखता आली नाही, तर माळी पाणी वाढवितो आणि मुळे कुजवितो. खरा उपाय असा, की अनंत मोठ्या कुंडीत लावावा, तिच्यात पालापाचोळ्याचे कुजलेले खत भरपूर मिसळावे आणि अधूनमधून पाण्यात विरघळविलेली किंचित हिराकस द्यावी. एवढी उस्तवार करण्याची तयारी नसेल, तर अनंताचा हट्ट सोडून तगर किंवा कुंती लावणे शहाणपणाचे. पांढरेपणात ती अनंताला हार जात नाहीत. कुंतीचा सुगंध तर रात्री दूरवर पोहोचतो.

उन्हाला खऱ्या अर्थाने पुरून उरते ती बोगनवेल. ही मूळची दक्षिण अमेरिकेची. फ्रेंच दर्यावर्दी बुगँव्हिल याच्या १७६६ ते १७६९ या काळातील पृथ्वीप्रदक्षिणेत कॉमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाने ब्राझीलमध्ये ती पाहिली आणि तिला आपल्या कप्तानाचे नाव दिले. तिची म्हणून ज्या रंगीत पाकळ्या आपण समजतो, त्या पाकळ्या नसून छदे, म्हणजे फुलालगतची रंग पालटलेली पाने होत. खरी फुले आत असतात: तीन, बारीक आणि नळीसारखी. विद्यार्थ्यांनी एक झुबका तोडून हे स्वतः पाहावे. भारतीय कृषी संशोधन संस्था १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमधील पुसा येथून दिल्लीस आली. तिच्या येथील बागांत बोगनवेलीच्या वाणांवर पुष्कळ काम झाले आहे.

या झुडपाविषयीची नेहमीची तक्रार म्हणजे, 'पाने भरघोस आहेत, पण रंग नाही.' याचे कारण बहुधा माळ्याची मायाच असते. रोज पाणी आणि वरचेवर शेणखत मिळाले, की वेल सारी शक्ती लांब हिरव्या फांद्या वाढविण्यात घालविते. आळे चांगले सुकू दिले, तर फांद्यांची वाढ मंदावते आणि पानांत तयार होणारी साखर कळ्यांच्या वाट्यास येते. लहान दिवसही बहराला पोषक असतात. म्हणून हिवाळ्यात पाणी आखडते घ्यावे. वसंतात त्याचे फळ दिसते. बहर ओसरताच शेंडे छाटावेत, कारण पुढला बहर नव्या फुटीवर येतो. इमारतीच्या सावलीत मात्र हा उपाय चालत नाही. दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन नसेल, तर बोगनवेल लावूच नये.

रस्त्याकडेच्या धुळीत आणि तापलेल्या भिंतीजवळ कण्हेर लावावी. तिच्या पानाच्या खालच्या बाजूस बारीक खळगे असून त्यांत केसांच्या आड श्वसनरंध्रे दडलेली असतात. त्यामुळे कोरड्या वाऱ्यातही पानातील पाणी लवकर उडून जात नाही. पानाचा पातळ आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यास ही रचना शाळेतही दाखविता येते. परंतु कण्हेरीचे सर्व भाग विषारी आहेत आणि त्या विषाचा परिणाम हृदयावर होतो. लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेलगत ती लावू नये. छाटणीनंतर हात स्वच्छ धुवावेत. छाटलेल्या फांद्या गुरांपुढे टाकू नयेत आणि शेकोटीतही घालू नयेत, कारण त्यांचा धूरही अपायकारक असतो.