गजबजलेला मॉल ओस कसा पडतो?

प्रश्न : अमेरिकेतल्या ओस पडलेल्या मॉलमध्ये शिरून काढलेले व्हिडिओ मी रात्री जागून पाहतो. एवढ्या मोठ्या इमारती लोक वाऱ्यावर कशा सोडून देतात? हे सगळं ऑनलाइन खरेदीमुळेच झालं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ऑनलाइन खरेदीवर खापर फोडून मोकळं होता येतं, पण मग शिकागोजवळच्या हार्वी गावातल्या डिक्सी स्क्वेअरचं काय करायचं? हा मॉल १९६६ साली उघडला आणि १९७८ मध्ये बंदही पडला. तेव्हा इंटरनेटवर साबणाची वडीसुद्धा मिळत नव्हती! पुढच्या वर्षी ‘द ब्लूज ब्रदर्स’ या सिनेमासाठी त्या रिकाम्या इमारतीत खोटी दुकानं मांडली गेली, त्यांच्यामधून मोटारी पळवून काचांचा चुराडा केला गेला. मंडळी निघून गेली, सांगाडा राहिला. तो पुरता पाडायला २०१२ उजाडलं.

मूळ दुखणं आहे ते गरजेपेक्षा जास्त बांधण्याचं. १९५४ च्या करकायद्याने नव्या इमारतीचा घसारा सुरुवातीच्या वर्षांतच भरघोस दाखवायची मुभा दिली. मग गिऱ्हाईक असो-नसो, कर वाचवायला उपनगरांत मॉल उभे राहू लागले. नवा निघाला की जुन्याचं गिऱ्हाईक तिकडे.

आणि मॉल मरतो तो एकेका दुकानाने नाही. टोकाला सिअर्ससारखं बडं दुकान असतं. ते नाममात्र भाडं देतं, कधी आपल्या जागेचं मालकही असतं. त्याच्या गर्दीवर मधली छोटी दुकानं जगतात, खरं भाडं तीच भरतात. बडं दुकान गेलं तर भाडं कमी करा किंवा आम्ही निघालो, असं कलम त्यांच्या करारात अनेकदा असतं. म्हणजे एक गेलं की पाठोपाठ रांग लागते. त्यात जमिनीचे तुकडे वेगवेगळ्या मालकांचे, त्यामुळे पाडायचं म्हटलं तरी सगळ्यांची संमती हवी. वाऱ्यावर सोडण्यामागे बरेचदा हेच त्रांगडं असतं.

ऑनलाइनचा फटका बसला, पण आधीच खिळखिळ्या झालेल्यांना. सिअर्सने २०१८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

आता व्हिडिओ पाहाल तेव्हा दुकानांच्या माथ्यावरच्या भिंतीकडे बघा. पाटी काढली तरी तिच्यामागचा रंग उन्हा-धुळीपासून वाचलेला असतो, त्यामुळे अक्षरं स्वच्छ वाचता येतात. काय विकलं जायचं, तेही कळतं. सरकत्या जिन्यावर बर्फ साचलेला दिसला, तर तो बहुधा ओहायोतल्या अ‍ॅक्रनचा, २००८ मध्ये बंद झालेला रोलिंग एकर्स. छताच्या काचा फुटल्यावर बर्फ सरळ आत पडायचा. आज त्या जागेवर अ‍ॅमेझॉनचं गोदाम आहे.

आत शिरणं मात्र तिथेही गुन्हाच. शिवाय सपाट छतावर पाणी तुंबतं, खालची फरशी कुजते, जुन्या बांधकामात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. तेव्हा आपले व्हिडिओच बरे.