पडद्यावरील वीर व इतिहासातील वीर

मुलांनो, शेरवुडच्या अरण्यात राहणाऱ्या रॉबिन हुडची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. धनिकांना लुटून गोरगरिबांना देणारा हा धनुर्धर इंग्लंडच्या लोकांचा मोठा लाडका. चौदाव्या शतकापासून त्याची गाणी तेथे लोकांच्या तोंडी होती. सर्वांत जुन्या गीतांत तो सामान्य कुळातील मनुष्य आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस एका नाटककाराने त्याला उमराव बनविले. १९२२ साली निघालेल्या मूकपटात डग्लस फेअरबँक्स या नटाने असाच उमराव रंगविला. १९३८ च्या रंगीत बोलपटात एरॉल फ्लिन हा रॉबिन झाला. तेथेही तो सरदारच होता. या बदलांनी कोणावर अन्याय झाला नाही. रॉबिन हुड खरोखर होऊन गेला की नाही, हेच निश्चित नाही. दंतकथा वाहत्या नदीसारखी असते. वाटेत तिला नवे ओढे येऊन मिळतात.

परंतु ज्याचे जीवन कागदोपत्री नोंदलेले आहे, अशा पुरुषावर चित्रपट काढावयाचा असेल तर?

रोह्याहून निघालेली आगगाडी निडी, नागोठणे, पेण अशी स्थानके घेत पनवेलला पोहोचते. त्या पनवेल तालुक्यात शिरढोण नावाचे गाव आहे. तेथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. पुढे पुण्यास ते सरकारी नोकरी करीत. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात अन्नावाचून तडफडणारी माणसे पाहून त्यांचे अंतःकरण पेटले. परक्यांचे राज्य उलथून पाडावयाचे तर सैन्य हवे, आणि सैन्यासाठी द्रव्य हवे. म्हणून रामोशी बांधवांना हाताशी धरून त्यांनी फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारी येथे पहिला दरोडा घातला. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी पनवेलजवळच्या पळस्पे गावावर छापा घातला व परतताना लढाईत ते पडले. सरकारने वासुदेव बळवंतांना दरोडेखोर म्हटले. लोकांनी त्यांना आद्य क्रांतिकारक मानले.

२००७ साली गजेंद्र अहिरे यांनी त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात अजिंक्य देव यांनी वासुदेव बळवंतांची भूमिका केली. असा चित्रपट पाहताना आपली छाती अभिमानाने फुगते, आणि ते योग्यच आहे. परंतु घोड्यांच्या टापा व तलवारींचा खणखणाट यांपलीकडचे सत्यही जाणून घ्यावे. आपल्या काही साथीदारांचे लक्ष देशापेक्षा लुटीकडेच अधिक आहे, हे पाहून वासुदेव बळवंतांना घोर निराशा आली. ती त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. मन विटून ते श्रीशैल क्षेत्री गेले, आणि तेथून पुन्हा कार्यासाठी परतले. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले. एडनच्या तुरुंगातून दार उखडून ते निसटले, परंतु पुन्हा सापडले. तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी देह ठेवला.

दार उखडण्याचा प्रसंग एखाद्या चित्रपटासाठीच रचला असावा असे वाटते. परंतु तो खरा आहे. निराशेचा प्रसंग पडद्यावर दाखविणे कठीण. परंतु तोही तितकाच खरा आहे. तो गाळला तर वीर मोठा होत नाही, उलट लहान होतो. ज्याला कधी निराशाच शिवली नाही, त्याच्या पुन्हा उभे राहण्याचे मोल ते काय?

म्हणून चित्रपट अवश्य पाहा. मात्र घरी आल्यावर इतिहासाचे पुस्तकही उघडा. पडदा आपल्याला वीरावर प्रेम करावयास शिकवतो. इतिहास त्याला ओळखावयास शिकवतो.

स्वाध्याय

१. रॉबिन हुडच्या कथेत कोणकोणते बदल होत गेले?
२. वासुदेव बळवंतांनी दरोडे का घातले? त्यांना निराशा का आली?
३. ‘तो गाळला तर वीर मोठा होत नाही, उलट लहान होतो.’ हे वाक्य तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.